सुतकात कोण बसणार?

मामांची तक्रार साधी होती. या सिनेमांना आधी एक मढं लागतं, मग गोष्ट पुढं सरकते. बाप गेल्याशिवाय, नाहीतर पोरगा गेल्याशिवाय, पुरुषावर जीव लावणारा पुरुष तुमच्या दिग्दर्शकांना घरात आणताच येत नाही, असं ते म्हणाले. वर विचारलं, ‘जित्या घरात त्याला जागा नाही का?’

छत्रपती संभाजीनगरला आम्ही दोघांनी ‘साबर बोंडं’ पाहिला होता आणि एसटीनं फर्दापूरला परत निघालो होतो. मामांचं आयुष्य अजिंठ्याच्या लेण्यांत पर्यटक फिरवण्यात गेलं. हंगामात अजूनही जातात. मी मुंबईत सिनेमाचं संकलन करते. वाद सिल्लोडच्या आधीच पेटला, अजिंठ्याचा घाट उतरेपर्यंत तापला, आणि मामींनी ताटं वाढली तरी विझला नव्हता. त्यातलं मांडण्याजोगं तेवढं इथं देते. मी एका बाजूची आहे, हे लपवत नाही.

सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. त्या महोत्सवात पोचलेला तो पहिला मराठी कथापट. आपल्याकडे १९ सप्टेंबर २०२५ ला लागला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा तिशीतला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांचं सूतक पाळायला आईबरोबर गावी येतो. नातलगांचा प्रश्न एकच, लग्न कधी. तिथं त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. तो गावातच राहिलेला, शेतात राबणारा, आणि त्याच्याही मागं लग्नाचा लकडा लागलेला. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी ही दोन माणसं उभी केली आहेत; आईचं काम जयश्री जगताप यांचं आहे.

मामा : पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही. माणसं बसलीत तर बसलीतच.

मी : सुतकाच्या घरात दुसरं काय होतं, मामा?

मामा : म्हणून तर म्हणतो. सुतकाच्या घरात मी जन्मभर फुकट बसत आलो. तिकीट काढून कशाला बसू?

मी : बरं, ते राहू द्या. मढ्याचं बोलू. वर्षभर तोंड न बघणारी माणसं त्या दहा दिवसांत एका छताखाली येतात. खांदा कुणी द्यायचा, मडकं कुणी धरायचं, राख कुणी सावडायची, डोकं कुणी भादरायचं, सगळं ठरलेलं असतं. कोण कुणाचा कोण लागतो याचा जाहीर हिशेब आपल्याकडं दोनदाच होतो, लग्नात आणि मरणात. लग्नाच्या मांडवात आनंदला जागाच नाही. मग दिग्दर्शकाच्या हातात राहिलं काय?

मामा : हे पटण्यासारखं आहे. पण...

मामांच्या ‘पण’ला मी लहानपणापासून ओळखते. त्यामुळे तो पुरा होऊ न देता मी कावळ्यावर आले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय होतं, हे फर्दापुरात कुणाला सांगावं लागत नाही. माणसं हात जोडून गेलेल्याला वचनं देऊ लागतात. शेत विकणार नाही, धाकट्याला शिकवू, म्हातारीला सांभाळू. आणि घरात बिनलग्नाचा मुलगा असेल तर पहिलं वचन ठरलेलं असतं, याचं दोनाचे चार करू. त्यातून वर्षाच्या आत लग्न केलं नाही तर तीन वर्षं करता येत नाही, हा दुसरा फास. म्हणजे गेलेल्या बापाचा आत्मा आणि जित्या पोराचं लग्न एकाच दोरीनं बांधलेलं. कानवडे यांनी ही दोरी बरोबर पकडली आहे. पकडणारच, कारण त्यांचे वडील २०१६ मध्ये गेले, ते सूतक पाळायला ते स्वतः गावी राहिले आणि तिथं लग्नाची भुणभुण त्यांनीही सोसली. वडील मुंबईत ड्रायव्हर होते, घर एका खोलीचं. मुलगा कसा आहे हे आईवडिलांना ठाऊक होतं आणि त्यांनी त्याला जवळच ठेवलं होतं.

मामा : आता आलीस मुद्द्यावर. अशी आई सगळ्यांना असते का? सिनेमा बघून एखादं पोरगं आमच्या सोयगाव तालुक्यात घरी जाऊन सांगेल, आणि घरात आई तशी नसेल. मग?

मी : सिनेमातली आई देवी कुठं आहे? ती नातलगांना थापा मारते. पोराचं लग्न का नाही, याची एक खोटी गोष्ट रचून सांगते.

मामा : हाव! तेच मी म्हणतोय. घर असंच सांभाळतं. माहीत सगळ्यांना असतं, बोलत कुणी नाही. न बोलण्यात माया असते, बाई. तुम्हा मुंबईच्या लोकांना प्रत्येक गोष्टीचा बोर्ड लावायचा असतो.

इथं मामा जिंकत होते, हे कबूल करायला हवं. त्या आईच्या थापेत खरोखर माया आहे. मुलाला तोडून ती नातेवाइकांना जोडत नाही आणि नातेवाइकांना तोडून मुलालाही नाही. माझ्यासारखीला तिच्या जागी असताना काय सुचलं असतं, कोण जाणे. आणि मामांचा रोख केवळ पडद्यापुरता नव्हता.

मामा : आमच्या गावात बघ. मी तुझ्या वडलांच्या खांद्यावर हात टाकून टी पॉईंटपर्यंत चालत जायचो. एका खाटेवर दोन गडी झोपतात, एका ताटात जेवतात. कुणाच्या डोक्यात काही येत नाही. तो बाळ्या न् आनंद झाडाखाली पडलेत, रानातून कुणी गेलं तरी म्हणेल, जुने दोस्त आहेत, पडलेत. ती सावली आहे त्यांना. तुम्ही नाव ठेवलं की सावली गेली. मग माझ्यासारख्यालाही दोस्ताच्या खांद्यावर हात टाकताना विचार करावा लागेल.

मी : सावली कुठवर पुरते?

मामा : म्हणजे?

मी : लग्न लागेपर्यंत. बाळ्याला सगळं गाव मित्र म्हणून खपवून घेतं, पण त्याला मुलगी बघायचं थांबत नाही. तुमच्या सावलीला मुदत आहे.

मामा काही बोलले नाहीत, पण हरलेही नव्हते. त्यांनी आपला पुरावा काढला, आणि माझ्या मते तिथंच त्यांचा पाय खोलात गेला.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लेण्यांच्या वाटेवर पर्यटकांना गारगोट्या आणि स्फटिक विकणारे दोघे होते. दुकान भागीत, खोली एक, चूल एक. दोघांतल्या एकाचं लग्न झालं होतं म्हणे, पण बायको माहेरी राहिली ती राहिलीच. गाव त्यांना जोडीनंच बोलवायचं. लग्नाचं निमंत्रण एकाच नावानं जायचं आणि दोघं यायचे. कुणी वाकडं बोललं नाही. ‘कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, दोघांचा जन्म सुखात गेला,’ मामा म्हणाले. ‘याला म्हणतात घरातलं घरात.’

मी विचारलं, पुढं काय झालं?

एक जण गेला. भाऊबंद आले, प्रेत आपल्या गावी घेऊन गेले. दुसरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागं बसून गेला, सरणापाशी गर्दीच्या पाठीमागं उभा राहिला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं.

मी : दुसऱ्या दिवशी?

मामा : त्याला कुठं सूतक होतं? आणि लोकही बोललेच, एवढा दोस्त गेला न् यानं एक दिवस दुकान बंद ठेवलं नाही.

मी : मामा, तुमचाच पुरावा मी वापरते. जिवंत होते तोवर तुमचं न बोलणं पुरलं. एक मेला आणि त्याच दिवशी ते संपलं. उरलेल्याला दहा दिवस चप्पल सोडून घरात बसायचा हक्क नव्हता. दुखवट्याचा आहेर त्याला कोण आणणार? आणि दुकान उघडलं म्हणून गावानं त्यालाच दगड म्हटलं.

या विषयावरचे सिनेमे प्रेमाला परवानगी मागतात असं आपण धरून चालतो. मला ते खरं वाटत नाही. निदान जे चांगले आहेत ते दुसराच प्रश्न विचारतात. दुःख करायचा अधिकार कुणाचा? आठवण कुणाच्या मालकीची? मढ्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नाही, म्हणून त्यांना मढं लागतं. मामांच्या तक्रारीला माझं एवढंच उत्तर आहे, पण ते द्यायला मला त्यांच्याच गोष्टीची गरज लागली.

आणि मढं तरी एकच कुठं राहिलंय? मराठीत ते चाळीसेक वर्षांत जागा बदलत आलं आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडी यांची मित्रा बाईवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त सुधारगृहातल्या दोन बायकांचं नातं आलं. मामांनी तो तेव्हाच्या औरंगाबादेत पाहिला होता. त्यांना स्मिता पाटील लख्ख आठवते, त्या दोघी आठवत नाहीत. साहजिक आहे. तिथं ते नातं संस्थेपुढचा एक पेच म्हणून येतं, कुणाच्या घरातलं म्हणून नाही. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचं खरं कळलेली आई रंगमंचावर एकटीच उभी राहून बोलली, तेव्हा कुठं घराचं दार किलकिलं झालं.

मामा : म्हणजे आधी ती पोरगीच मेली.

मी : हो. आधी ज्याचं वेगळं आहे तो मरायचा. ‘साबर बोंडं’मध्ये बाप मरतो आणि मुलगा जगतो. मढ्याच्या बाजूला बसलेला माणूस आता तो आहे. हा बदल तुम्हाला छोटा वाटतो?

मामा : छोटा नाही. पण बाप तर सगळ्यांचाच मरतो. बापाच्या सुतकात पोराला कोण अडवणार? तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या सिनेमात नाहीच मग.

हा घाव वर्मी बसला. खरंच नाही. आनंद सुतकात बसतो तो मुलगा म्हणून. तिथं त्याचा हक्क कुणीच नाकारत नाही. गारगोट्यांच्या दुकानातल्या माणसाचा सिनेमा वेगळा आहे आणि तो मराठीत अजून झालेला नाही. त्याच्या आसपास फिरणारे आहेत.

गोव्यातला ‘माय ब्रदर निखिल’ त्यातला सगळ्यात जवळचा. ओनीर यांचा हा हिंदी सिनेमा २००५ चा. त्यामागं डॉमिनिक डिसोझा यांचं आयुष्य आहे. एचआयव्हीची लागण झाली म्हणून १९८९ मध्ये गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना पकडून एकटं कोंडून ठेवलं गेलं. आईनं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत लढा दिला, आणि १९९२ मध्ये ते गेले. सिनेमातला निखिल जलतरणपटू आहे. वडील त्याला घराबाहेर काढतात. बहीण आणि जोडीदार नायजेल त्याच्यापाशी राहतात. संकलक म्हणून मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. निखिल गेल्यानंतर आई, वडील, बहीण आणि नायजेल कॅमेऱ्याकडे बघून त्याच्याबद्दल बोलतात. सगळ्यांना सारखीच चौकट, सारखाच वेळ, सारखाच आदर. नायजेल मित्र म्हणून मागच्या रांगेत नाही. कायद्यानं जे दिलं नाही ते सिनेमाच्या रचनेनं देऊन टाकलं. घरानं नाकारलेला माणूस त्याच घराच्या बरोबरीनं साक्ष देतो. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे पंचनाम्यात त्याची सही घेतली.’ यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

बंगालमधून आलेला ‘मेमरीज इन मार्च’ आहे. मुलगा कोलकात्यात अपघातात गेलेला, दिल्लीची आई त्याचं सामान आणि अस्थी न्यायला येते आणि तिथं तिला कळतं की मुलाचं ज्याच्यावर प्रेम होतं तो त्याच्याच ऑफिसातला पुरुष आहे. आईच्या भूमिकेत दीप्ती नवल, दुसऱ्या बाजूला ऋतुपर्ण घोष. मुलाच्या वस्तूंवर दोघांचाही जीव, आणि नेणार कोण हे मात्र आधीच ठरलेलं. परदेशातला ‘ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स’ २०२३ चा. त्यात लहानपणी आईवडील गमावलेला मोठा माणूस जुन्या घरी जातो आणि ते दोघे तिथंच असतात, मेले त्या वयाचे. तो आईला आपलं खरं सांगतो आणि ती आपल्या काळातली भीती घेऊन त्याची काळजी करत बसते. मामांना हा फार आवडेल असं मला वाटलं होतं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, ‘सांगायला भुतं बरी, मारायला उठत नाहीत.’

‘कोबाल्ट ब्लू’वर मात्र आम्ही दोघं एका बाजूला आलो. सचिन कुंडलकरांची ती कादंबरी २००६ मध्ये आली. मामांना मीच वाचायला दिली होती. पुण्यातल्या घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच मुलावर तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघांचं प्रेम बसतं. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि नंतर तिलाही सोडतो. अनुजा परत येते तेव्हा घर तिच्याभोवती गोळा होतं. चिडतं, घाबरतं, डॉक्टरकडे नेतं, पण तिचं काहीतरी गेलंय हे घराला मान्य असतं. तनयचंही तेच गेलेलं असतं आणि त्याच घरात त्याला कुणी ‘काय झालं’ म्हणून विचारत नाही, कारण त्याच्याजवळ काही होतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

मामा : दुसऱ्या दिवशी दुकान उघडणारा.

मी : तोच.

मामा : पण सिनेमा काढताना घर उचलून कोचीला का नेलं? भाषा हिंदी. पुण्याचा तो वाडा, ती मराठी आई, ते एकाच संडासावरचं भांडण, त्याच्यातच तर गोष्ट होती.

२०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या त्या सिनेमाबद्दल मलाही हेच वाटतं, जरी कुंडलकरांनी स्वतःच तो केला आहे. निळा रंग फार सुंदर झालाय. घर मात्र पातळ झालंय. ‘साबर बोंडं’चा खरा पराक्रम मला इथं दिसतो. बाळ्याच्या तोंडची बोली, घरातल्या बायकांचं एकाच वेळी रडणं आणि टोमणे मारणं, यातलं काहीच उचलून दुसरीकडं नेता येणार नाही.

मामांनी मग ‘अलिगढ’ काढला. प्रा. रामचंद्र सिरस मूळचे नागपूरकडचे, अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं गेलं आणि त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि पाठोपाठ ७ एप्रिलला ते घरात मृत सापडले. हंसल मेहता यांच्या सिनेमात मनोज बाजपेयी रात्री एकटे बसून लताबाईंची जुनी गाणी ऐकतात. ‘त्या माणसाच्या सुतकात कोण बसलं असेल?’ मामांनी विचारलं. हा प्रश्न आता ते विचारत होते, मी नाही. मी गप्प राहिले.

मग आम्ही कायद्यावर आलो, कारण मामांना वाटत होतं की २०१८ मध्ये सगळं मिटलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधला तो भाग रद्द केला, म्हणजे एवढंच झालं की गुन्हा राहिला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं अशा विवाहांना मान्यता द्यायला नकार दिला आणि हक्कांचं काय ते बघायला सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राकडून स्पष्टीकरणं आली. जोडीदाराबरोबर बँकेत संयुक्त खातं काढायला आणि त्याला नॉमिनी करायला बंदी नाही. आरोग्य खात्यानं राज्यांना कळवलं की जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह मागता यावा.

मामा : नातलग नसतील तर.

मी : नसतील तर.

मामा : म्हणजे आमच्या त्या माणसाला आजही ट्रॉलीतच बसावं लागलं असतं.

एवढं झाल्यावर वाद मिटायला हवा होता. पण मी एक चूड पेटवलीच. मामा ज्या लेण्यांत आयुष्यभर फिरले त्यांतल्या सव्विसाव्या लेण्याबद्दल विचारलं. आत महापरिनिर्वाणाची ती प्रचंड मूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांबीची. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले आणि खाली ओळीनं शोक करणारी माणसं. बाहेर ओसरीच्या भिंतीवर पाचव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे. तो बुद्धभद्र नावाच्या भिक्खूचा. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपली मैत्री अनेक जन्मांची आहे, असं तो भिक्खू त्यात सांगतो. मंत्री तोवर गेलेला होता, त्याचा मुलगा देवराज त्याच्या पदावर आला होता. आणि हे लेणं आपण कुणासाठी कोरवलं हे सांगताना बुद्धभद्र त्या भव्विराजाचं आणि स्वतःच्या आईवडिलांचं नाव एकाच ओळीत, शेजारी शेजारी घेतो.

मी : पंधराशे वर्षांपूर्वी एका माणसानं गेलेल्या मित्राला आईबापाच्या पंगतीला बसवलं. तेही गुपचूप नाही, दगडात कोरून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं.

मामा : थांब. लगेच शिक्का मारू नकोस. भिक्खू होता तो. लेण्याला पैसा देणाऱ्या मंत्र्याचं ऋण मानणं, जन्मोजन्मीचं नातं सांगणं, ही त्या काळच्या लेखांची रीत असते. पुण्य अर्पण करायचं तर आईबापाचं नाव घेतातच.

मी : शिक्का मी मारतच नाही. त्या दोघांत काय होतं ते मला कळणार नाही, तुम्हालाही नाही. मी फक्त पारोबद्दल विचारते.

मामांना रोख कळला, कारण ते हसले. रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार १८४४ च्या सुमारास अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं इथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची पारो १८५६ मध्ये गेली. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि दगडावर तिला आपली लाडकी म्हटलं आहे. पुरावा म्हणाल तर मुख्यतः तेवढा. त्या एका दगडावर ना. धों. महानोरांनी खंडकाव्य रचलं, ते तर आपल्याच तालुक्यातले. नितीन देसाईंनी २०१२ मध्ये ‘अजिंठा’ नावाचा सिनेमा काढला. घाटाच्या दोन्ही बाजूंना लहान पोराला विचारा, पारोची गोष्ट तोंडपाठ असते.

मी : गिलला इंग्लंडकडची बायको होती, मुलं होती. तरी आपण एका दगडावरच्या एका ओळीवरून प्रेमाची आख्खी गोष्ट उभी केली आणि कुणी पुरावा मागितला नाही. बुद्धभद्राचीही एक ओळच आहे. तिथं मात्र तुम्ही मला शिलालेखांची रीत शिकवता.

मामा : पारो बाई होती, गिल पुरुष होता. लोकांना ते लगेच समजतं.

मी : तेच तर.

मामा : तेच तर काय? मी गाईड आहे. जे कोरलंय ते सांगतो. बुद्धभद्रानं मित्राचं आणि आईबापाचं नाव घेतलं, हे मी आजवर प्रत्येक टोळीला सांगत आलोय. कुणी कधी पुढं काही विचारलं नाही.

मी : आणि उद्या एखाद्यानं विचारलं तर?

मामा : तर हेच सांगीन, लिहिलंय एवढंच. अनेक जन्मांची मैत्री, आईबापाच्या जोडीला त्याचं नाव. त्यापुढं एक अक्षर माझ्या पदरचं घालणार नाही. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

मी : आणि पारोबद्दल विचारलं तर? तिथंही पदरचं घालत नाही?

मामा : तिथं घालावं लागतं, बाई. गिऱ्हाईक तेच मागतं.